रिकाम्या स्फटिकातला उजेड

महाळुंगे पडवळ,
९ मार्च

समर्थ,

आठ महिन्यांनी तुझा मेल आला. चहा गाळत होते, मोबाइलवर तुझं नाव दिसलं आणि अर्धा चहा ओट्यावर सांडला. म्हटलं, आली बाई एकदाची आठवण. तात्या कसे आहेत विचारलं असेल, आईचं काहीतरी लिहिलं असेल. उघडून पाहते तर, "पेपर जोडला आहे. सहलेखक म्हणून तुझी संमती तीस एप्रिलपर्यंत हवी. सही करून परत पाठव." खाली तुझं नाव, आडनावासकट. मी काय बँकेतली बाई आहे का रे?

आई गेली तेव्हा तुझा बीमटाइम होता, यंत्रावरची पाळी. दहाव्यालाही होता. भागूमामानं तुझ्या जागी उभं राहून सगळं केलं. तात्या त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मी भरपूर बोलले, आणि तू फोन ठेवलास तो ठेवलासच. आता फोन केला तर मी पुन्हा ओरडेन, म्हणून सावकाश टाइप करत बसलेय.

कामाचं बोलते. मी सही केलेली नाही. रागावलेय म्हणून नाही, राग वेगळ्या डब्यात झाकून ठेवलाय. सही केली नाही ती तुमच्या त्या चौथ्या आलेखामुळे.

कॉलेजातून आल्यावर, स्वयंपाक उरकून, मी तुमच्या टीमसाठी गेली दोन वर्षं एकच गणित करतेय. स्फटिकात कोंडलेली आपली अणुकेंद्रं एक्स-रेचा झटका बसल्यावर खरोखर एका तालात सुटली, तर समोरच्या डिटेक्टरवर किती गॅमा यावेत? माझं उत्तर आहे, जेमतेम दिसतील इतके. तुमच्या आलेखात मधोमध असा सुळका उभा आहे की शिवनेरीवरून दिसेल. आणि खाली लिहिलंय, "गणिताशी साधारणपणे जुळते." कुणाच्या गणिताशी? गणित तर माझं आहे.

काल गोठ्यात तात्यांनी विचारलं, "समर्थचं काय आलंय?"

म्हटलं, "जगातला पहिला गॅमा लेझर केला म्हणतोय."

"म्हंजी काय?"

आता काय सांगणार? म्हटलं, तात्या, साध्या लेझरमध्ये अणूंना आधी उचलून वर बसवायचं. मग एकाजवळून उजेडाचा कण गेला की तो खाली उतरतो आणि अगदी तसाच दुसरा कण सोडतो. त्याचं बघून पुढचा, त्याचं बघून त्याच्या पुढचा. सगळा उजेड एका पावलात चालतो. हेच काम अणूच्या पोटातल्या केंद्राकडून करून घ्यायचं, म्हणजे निघतात ते गॅमा. पण गॅमा सोडताना केंद्राला बंदुकीसारखा मागे दणका बसतो, तेवढी ताकद गॅमातून कमी होते, आणि मग शेजारचं केंद्र त्याला ओळखच देत नाही. म्हणून त्यांना कडक स्फटिकात घट्ट बसवायचं, बर्फाहून कितीतरी गार ठेवायचं, म्हणजे दणका अख्खा स्फटिक झेलतो. आणि त्याच वेळी त्यांना वर उचलायला आत आग ओतायची.

तात्यांनी वैरणीचा भारा खाली ठेवला. "गारबी ठेवायचं आन् जाळबी लावायचा? कसं व्हायचं?"

"साठ वर्षं झाली, सगळे हेच विचारतायत."

"आन् आपल्या पोरानं केलं?"

त्यांच्या तोंडावर जो आनंद आला तो मी आई आजारी पडल्यापासून पाहिला नव्हता. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बादली उचलली आणि धारेला बसले.

तर मला कच्चा डेटा पाठव. आणि रिकाम्या स्फटिकाचं काय झालं ते नीट सांग. तसाच स्फटिक, तेवढाच गार, तोच झटका, फक्त आत आपली केंद्रं नाहीत. त्यात तो सुळका येतो की नाही? तुमच्या एवढ्या लांब पेपरात त्यावर एक ओळ आहे. अरे, तीच तर मुख्य गोष्ट.

ताई


२७ मार्च

समर्थ,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, थोबाडीतच ती. "रिकाम्या स्फटिकाची चाचणी पहिल्याच आठवड्यात झाली, काहीही आलं नाही. तुला खरंच शंका आहे, की मी पुढे गेलेलं तुला बघवत नाही?"

बघवत नाही! तुझ्या पहिल्या विमानाच्या दिवशी तुझ्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी कोंबणारी कोण होती रे? विमानतळावर तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस, आणि परतीच्या वाटेवर नारायणगावपर्यंत आई रडत होती आणि मी तिला हसवत होते.

आणि दुसरं ते वाक्य. "तुला परदेशी शिकायला बोलावणं आलं होतं आणि जाता आलं नाही, त्याचा राग माझ्यावर का?" आईचं डायलिसिस सुरू झालं होतं. कुणीतरी थांबायला हवं होतं, तू बारावीत होतास, मी थांबले. विषय संपला. मला त्याचं काही वाटत नाही. पुन्हा काढू नकोस.

डेटा मिळाला, त्याबद्दल आभार. दोन आठवडे त्यातच आहे. मुलांचे पेपर तपासायचे पडलेत, एचओडी माझ्याकडे बघून खोकतात. डिटेक्टरची जुळवणी तपासली, पार्श्वभूमीचे गॅमा वजा केले, माझंच गणित पहिल्यापासून मांडलं. कुठे बोट ठेवावं असं काही सापडत नाही. सुळका उभाच. झटका बसला की तो येतो, झटका नाही तेव्हा येत नाही. मग चुकलं असेल तर माझंच गणित चुकलं असेल, असंही आता वाटायला लागलंय.

नेमणुकीचं तू शेवटच्या ओळीत लिहिलंस. हा पेपर गेला तर पाच वर्षं पक्की, नाहीतर सप्टेंबरअखेर गाशा गुंडाळायचा. हे आधी लिहायचंस ना. मी काही दगड नाही.

"मी संमती देते" असा मेल लिहून ठेवलाय. पाठवलेला मात्र नाही. का, ते सांगते, आणि हे वाचून तू काय म्हणशील त्याची मला भीती वाटते. पेपर पडला तर तू घरी येशील. गोठ्यात तुझा आवाज येईल, तात्या दोन घास जास्त जेवतील, बिबट्याच्या भीतीनं संध्याकाळी दार लावून घेतल्यावर आत आम्ही दोघंच नसू. ही इच्छा माझ्या मनात आहे. मग मी शोधतेय ती चूक, की तुला घरी आणायचं निमित्त? जोवर हे मला कळत नाही तोवर माझा माझ्यावर विश्वास नाही. म्हणून आणखी थोडे दिवस दे.

ताई


१४ एप्रिल

समर्थ,

आज सही-बिही काही नाही. काल यात्रेत जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? गावात माझ्याशी कुणी बोलत नाहीये.

भैरवनाथाची यात्रा. शर्यतीत आपला गाडा होता. तू गेल्यापासून तात्यांनी राघू नावाचा खोंड असा तयार केलाय की विचारू नकोस. पोरीच्या लग्नात केला नसता एवढा खर्च त्याच्या खुराकावर. (लग्नाचं मी काढलं, तू काढू नकोस.) पुढे पळायला भागूमामाची पांढरी घोडी.

दरवर्षी हातातल्या घड्याळावरून भांडणं होतात, डोकी फुटतात, म्हणून कमिटीनं यंदा पुण्याहून भाड्यानं यंत्र आणलं. घाटाचा चढ संपतो तिथे, शेवटच्या रेघेवर, दोन खांब. एका खांबातून दुसऱ्या खांबात लाल किरण. खाली निशाण पडलं की घड्याळ सुरू, वर किरण तुटला की बंद. मोठ्या पाटीवर आकडा. यंत्र लावायला आलेल्या माणसानं विचारलं, किरण किती उंच ठेवू? कुणीतरी सांगितलं, बैलाच्या मानेएवढा. बरोबरच सांगितलं. बैलांच्या पुढे घोडी पळते हे त्याला कुणी सांगितलं नाही. का सांगतील? घोडी असतेच की. हातात घड्याळ धरणारा माणूस घोडीकडे बघतच नाही, तो बैलांकडे बघतो. हे सांगायची गोष्ट आहे असं आपल्याकडे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

बाकीच्या गाड्यांना घोड्या नव्हत्या किंवा बैलांना चिकटून होत्या, त्यामुळे दुपारपर्यंत काही कळलं नाही. मग आपली बारी. मी वर, रेघेजवळ, बायकांत उभी. निशाण पडलं. भागूमामाची घोडी अशी सुटली की बैल लांब मागे राहिले. ती किरणातून गेली, पाटीवरचा आकडा थांबला, आणि मग आपले बैल आले. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आधी आकडा थांबला. मग बैल आले.

या घाटात कुणी कधी ऐकला नाही असा आकडा. माइकवरचा माणूस किंचाळत होता. गुलाल उडाला. तात्यांना पोरांनी खांद्यावर घेतलं आणि तात्या नाचत होते, समर्थ. आपले तात्या. पागोटं सुटून गळ्यात आलेलं, आणि रडत होते, आणि आईचं नाव घेऊन "साळू असती आज, साळू असती" म्हणत होते.

मला गप्प बसता आलं असतं. लंकाबाई माझ्या शेजारी होती, तिला काही दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नव्हतं, सगळ्यांचे डोळे राघूवर. मी खांबाला धरून उभी राहिले. मग खालून म्हाळसाकांत मंडळाचा गाडा बारीला येताना दिसला, त्यांचा म्हातारा मालक बैलांच्या कपाळाला हात लावून पाया पडत होता, आणि मी मंडपात गेले आणि कमिटीला सांगितलं.

मोबाइलमधले व्हिडिओ पाहिले. दोनदा पाहिले. मग माइकवरून जाहीर केलं. आपला गाडा खाली गेला, बक्षिसाची मोटारसायकल दुसऱ्या गावाला गेली.

एक जण तोंडावर म्हणाला, "म्याडम, शिकल्याचा ह्योच उपेग का?" भागूमामा घोडी घेऊन तडक निघून गेला. तात्यांनी गुलाल पुसला. मला एवढंच म्हणाले, "तुला काय गरज व्हती गं?" आज सकाळी चहाही स्वतः करून घेतला.

मी दिवसभर खोलीत बसून आहे. आणि आत्ता, हे लिहिता लिहिता, एक गोष्ट लक्षात आली. घड्याळाला कोण आलं ते कळत नाही रे. काहीतरी आलं, एवढंच कळतं. तुमचं घड्याळ कशावर सुरू होतं? मी ते कधी तपासलंच नाही. तू सांगितलंस झटक्यावर, मी धरून चालले. तुमच्याही झटक्यापुढे काही पळतंय का?

ताई


१७ एप्रिल

समर्थ,

पळतंय.

तुमच्या यंत्राच्या नोंदी उघडून बसले होते. एक्स-रेच्या प्रत्येक मोठ्या झटक्याआधी एक बारीकसा झटका येतो. पहिल्या आठवड्यात तो नाही. मध्ये यंत्र नव्यानं जुळवलं, तिथून पुढे तो आहे. तुमचं घड्याळ त्या बारक्यावर सुरू होतं.

पुढचं तुला सांगायला नको, तरी लिहिते, म्हणजे माझं चुकलं तर कुठे ते दाखवता येईल. मोठा झटका बसतो तेव्हा आपण डिटेक्टरला डोळे मिटून घ्यायला सांगतो, आणि लख्ख उजेड विझला की उघडायला. त्यानंतर जे दिसेल ते केंद्रांचं. पण घड्याळ आधी सुरू झालं तर डोळेही आधी उघडतात. तेव्हा मोठ्या झटक्याचाच उजेड आत घुटमळत असतो. त्यातले खूपसे हलके कण एकदम आदळले की डिटेक्टर त्यांची बेरीज करतो आणि सांगतो, एक जड गॅमा आला. तुमचा सुळका म्हणजे ती बेरीज आहे. केंद्रांनी काहीच केलेलं नाही.

रिकाम्या स्फटिकाची चाचणी तू केलीस, खोटं बोलला नाहीस, हे मला कळलं आणि माझा जीव थोडा भांड्यात पडला. पण ती बारका झटका नव्हता तेव्हाची आहे. आता, आजच्या यंत्रावर, पुन्हा कर. एक पाळी पुरे. रिकाम्या स्फटिकात काही आलं नाही तर मी त्याच मिनिटाला सही करीन, तुझी माफी मागीन, आणि चावडीपुढे पेढे वाटीन. माझ्याशी कुणी बोलत नसलं तरी पेढे घेतील.

मला चुकायचंय, समर्थ. खरंच चुकायचंय. पण तू ती चाचणी कर.

ताई


२८ एप्रिल

समर्थ,

दहा दिवस गप्प बसलास आणि काल एक ओळ. "आमच्या प्रमुख बाई जादा पाळी देणार नाहीत, सगळे थकलेत, तू सही कर, नंतर दुरुस्ती छापता येते."

नंतर! तुझ्या त्या सुळक्यावर विश्वास ठेवून दुसऱ्या देशातली पोरं आपली तरुण वर्षं घालतील, आणि तू नंतर दुरुस्ती छापशील? गहू दळून झाल्यावर खडे निवडतोस का?

तात्या परवा बोलले. यात्रेनंतर पहिल्यांदाच. मी गोठ्यात शेण काढत होते, ते राघूच्या अंगावरून हात फिरवत होते. मला पाठ करूनच म्हणाले, "घोडी पुढं व्हती ते मला खालूनच दिसलं व्हतं."

मी घमेलं खाली ठेवलं. "मग बोलला का नाही?"

"म्हटलं, कुणी काय म्हणत न्हाई तवर ऱ्हाऊ दे. लई बरं वाटत व्हतं गं." मग म्हणाले, "तू सांगितलंस तवा तुझा राग आला. आन् त्या रात्री झोप बी लागली."

मी तिथेच बसून रडले. तू विचारशील, याचा तुझ्याशी काय संबंध. सरळ विचारते. तुलाही दिसलं होतं का? मी सांगायच्या आधी? म्हणून मार्चमध्ये माझ्यावर एवढा धावून आलास का? म्हणून दहाव्यालाही आला नाहीस का, की तिथून हललास तर कुणी घड्याळ उघडून बघेल? नाही दिसलं म्हणालास तर मी विश्वास ठेवीन. पण काहीतरी म्हण.

मी सही करणार नाही. आणि नुसती गप्प बसणार नाही, कारण मी गप्प बसले तर ते माझं नाव काढून पेपर पाठवतील. उद्या दुपारी मी बाईंना सगळं लिहिणार आहे. आज तुला सांगतेय ते एवढ्यासाठी, की तुझ्या हातात आजची संध्याकाळ आणि उद्याची सकाळ आहे. स्वतः जा त्यांच्याकडे. म्हण, माझ्या लक्षात आलंय, एकदा तपासू या. तू सांगितलंस तर माझा मेल जाणार नाही, आणि हे माझ्यामुळे झालं असं कुणाला कधी कळणार नाही, तात्यांनासुद्धा नाही.

जा रे. एवढं कर.

ताई


११ मे

समर्थ,

मी दुपारपर्यंत थांबले. मग संध्याकाळपर्यंत थांबले. तू गेला नाहीस. मग मी मेल पाठवला.

नंतरचं मला बाईंकडून कळलं. त्यांनी पेपर थांबवला, पाळी दिली, आणि चाचणी दुसऱ्या कुणाला करायला सांगितली. तू म्हणालास, मीच करतो. रिकामा स्फटिक तूच आत ठेवलास, तूच गार केलास, आणि सगळ्यांसमोर पडद्याजवळ उभा राहिलास. आणि मग मला तुझा मेल. "तसाच आला."

दोन शब्द.

जिंकल्यासारखं वाटत असेल ना, असं मनात म्हणाला असशील. देवाशप्पथ नाही. त्या पडद्यासमोर तू एकटा उभा आहेस हे डोळ्यांपुढून जात नाही. लहानपणी येडगावच्या धरणावर तू पाण्यात घसरलास तेव्हा मी कपड्यांसकट उडी टाकली होती. या वेळी मीच ढकललं आणि काठावर उभी राहिले. बरोबर केलं. शंभरदा विचारलं तरी बरोबर केलं म्हणेन.

तात्यांना मी सांगितलं की प्रयोग जमला नाही. ते म्हणाले, "मंग येतो का?" मी म्हटलं, सप्टेंबरअखेर. लगेच उठून तुझ्या खोलीतली बियाण्याची पोती बाहेर काढायला लागले. आत्ता, मे महिन्यात.

बाईंनी मला आणखी एक मेल पाठवलाय. त्याचं नंतर लिहीन.

ताई


२४ ऑगस्ट

समर्थ,

आईच्या वर्षश्राद्धाला तू व्हिडिओवर होतास, मला दिसलास, वाळलायस. तात्यांशी बोललास, माझ्याशी नाही. ठीक आहे. फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला होता हे तुला माहीत नव्हतं. "दिसलं होतं तात्या, फेब्रुवारीतच दिसलं होतं," असं तू म्हणालास ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मला नाही, त्यांना सांगितलंस. सांगितलंस हे पुष्कळ झालं.

आता माझं. मे महिन्यापासून एक गोष्ट तुझ्यापासून झाकून ठेवलीय आणि आज ती सांगायलाच हवी, कारण उद्या तुला तिकडे कुणाकडून तरी कळेल. बाईंनी मला बोलावलंय. दोन वर्षांसाठी. घड्याळाची सगळी मांडणी नव्यानं करायला, आणि तो खोटा सुळका काढून टाकल्यावर त्याच्याखाली माझ्या गणिताएवढं, जेमतेम का होईना, खरं काही उरतं का ते बघायला. जागा तुझीच. तू सोडशील ती.

पहिल्या दिवशी मी नकाराचा मेल लिहिला. छान लिहिला होता, घरच्या जबाबदाऱ्या वगैरे. तो पाठवला नाही. मग कॉलेजात बिनपगारी रजेचं नुसतं विचारून पाहिलं. मग नुसतं म्हणून व्हिसाचं बघितलं. परवा व्हिसा आला. तात्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ दाढी खाजवत बसले. म्हणाले, "समर्थला वैरण कापाया यील का?" म्हटलं, शिकेल. "मंग जा. माझं काय न्हाई."

मला जायचंय, समर्थ.

हे लिहून मी उठले, अंगणात जाऊन आले, परत येऊन पाहिलं, तर ते वाक्य तिथेच आहे. मार्चमध्ये तुला लिहिलं होतं, त्या जुन्या बोलावण्याचं मला काही वाटत नाही. साफ खोटं. तुला विमानात बसवून आले त्या दिवसापासून रोज वाटतंय. तुझा प्रत्येक फोटो मी मोठा करून बघायची, तुझ्यासाठी नाही, मागे कुठलं यंत्र दिसतंय ते बघायला.

गावात म्हणतील, आधी बापाचा गाडा खाली आणला, मग भावाची जागा घेतली. म्हणू देत. तू विचारशील, सही नाकारली तेव्हा हे तुझ्या मनात होतं का? तुला घरी आणायची इच्छा होती, ती मी तेव्हाच लिहिली. ही दुसरी होती की नव्हती, मी रोज आठवून बघते. आठवत नाही. पण नव्हतीच, असं आईच्या फोटोसमोर उभं राहून मी म्हणणार नाही. रिकाम्या स्फटिकात सुळका आला, तेवढं मात्र माझ्या मनात काहीही असलं तरी खरं आहे.

तू तीस सप्टेंबरला उतरतोस. माझं तिकीट दोन ऑक्टोबरचं आहे, मुद्दाम तसं काढलंय. मधला एक अख्खा दिवस आपण दोघं या घरात असू. काय भांडायचं ते भांड. मी ऐकून घेईन, आणि नुसती ऐकून घेणारी मी नाही, उलटही बोलेन. तात्या मध्ये पडणार नाहीत, त्यांना मी सांगून ठेवलंय.

आणि भांडून झालं की जेवायला बस, आणि तो स्फटिक तडा न जाता इतका गार कसा करतोस ते मला शिकव. तुमच्या अख्ख्या टीममध्ये ते तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही, बाईंनीच लिहिलंय. तुझे हात मला तिकडे नेता येत नाहीत. निदान शिकवून पाठव.

ताई